सतरा क्रमांकाचा लेख

१२ जून १९८२, शनिवार

'संभव'चा तिसरा अंक आज छापून आला. स्टाफरूममध्ये टेबलावर ठेवला, तर गणिताच्या माणसाने त्यावर चहाचा कप ठेवला. मी कप उचलून बाजूला ठेवला. बोललो असतो तर दिवस वाया गेला असता.

मराठी शिकवणारा माणूस चंद्रावरच्या वसाहती आणि परग्रहावरचे पाहुणे असल्या गोष्टींवर त्रैमासिक का काढतो, हे लोकांना अजून कळत नाही. अहो, गोष्टी नाही, गोष्टींचा अभ्यास! समीक्षा! सांगून सांगून तोंडाला फेस आला. चार वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथपाल लताबाईंनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं असलंच त्रैमासिक मागवलं होतं. बोटीच्या टपालाने सहा महिन्यांनी आलं. विज्ञानकथांवर तळटीपांसकट लेख, आणि पहिल्याच पानावर नियम छापलेला, की लेख परीक्षकाकडे जाताना लेखकाचं नाव झाकलं जाईल. मी तो नियम कपाटाशी उभ्या उभ्या तीनदा वाचला. पगारे आडनावाच्या माणसाला असा नियम वाचून काय वाटतं, ते इथे लिहीत बसत नाही.

तोच नियम मी 'संभव'ला लावला. लेख लताबाईंकडे येतात. त्या नाव-गाव काढतात, लेख टाइप करतात, वर क्रमांक टाकतात आणि दोघा परीक्षकांना देतात. एक पुण्याचे डॉ. सहस्रबुद्धे, दुसरा मी. दोघांचं जुळलं नाही तर निर्णय संपादकाचा. संपादकही मीच. माणसं कुठून आणू?

संध्याकाळी पहिली प्रत घेऊन दादाकडे गेलो. सहादूदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आबा गेले तेव्हा सातवीतून शाळा सोडून छापखान्यात खिळे जुळवायला लागला, म्हणून मी शिकलो. आजही 'संभव'चं अक्षर न् अक्षर तोच जुळवतो. बाकी कुणी वाचो न वाचो, दादाला सगळा अंक वाचावाच लागतो, तोही उलटा.

"परीक्षकाला खरंच नाव कळत नाय का रे?" त्याने विचारलं.

"कलेक्टर आला तरी सांगणार नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे नाव बघत नाहीत, आडनाव बघत नाहीत. लेख बघतात."

दादा बराच वेळ बोटांवरची शाई चोळत बसला. मग म्हणाला, "लय भारी काम करतोस तू." मला बरं वाटलं. कॉलेजात कुणी असं म्हणत नाही.

११ जुलै, रविवार

दादाकडे जेवायला. हल्ली त्याला नसत्या शंका येतात. आज विचारतो, तळटीप कशाला लागते? मी म्हटलं, तुझं म्हणणं कुठल्या पुस्तकात आहे ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून.

"आन् जे कुठल्याच पुस्तकात नाय, पण हाय, त्याचा आकडा कुठं टाकायचा?"

"त्याला मग संशोधन म्हणत नाहीत, दादा."

"मग काय म्हणतात?"

मी हसलो. वहिनी, म्हणजे गोजरावहिनी, भाकरी वाढता वाढता कुरकुरल्या, "सकाळी कामावर जायच्या आधी हे कागद घेऊन बसत्यात, भाऊजी. पाणी भरायला हाक मारली तर ऐकू येत नाय." मी म्हटलं, युनियनचं काहीतरी असेल. दादाने ताटातली भाकरी मोडली.

३ ऑगस्ट, मंगळवार

लताबाईंनी चौथ्या अंकासाठी तीन लेख दिले. पंधरा, सोळा, सतरा. पंधरा ठीक. सोळा म्हणजे निव्वळ उतारा, मूळ पुस्तक माझ्या कपाटात आहे. कुणाला मूर्ख समजतात हे लोक?

सतरा वाचला. शीर्षक 'उद्याच्या गावाची वेस'. एकही तळटीप नाही. संदर्भसूची नाही. पण हातातून खाली ठेवता येईना.

५ ऑगस्ट, गुरुवार

सतरा पुन्हा वाचला. इथे खरं लिहितो, कारण ही वही कुणी तपासत नाही.

लेखक म्हणतो, दोनशे-पाचशे वर्षांनंतरच्या गोष्टींत माणसं दुसऱ्या ग्रहावर राहायला जातात, पण त्यांची आडनावं तीच पाच-सहा. झाडलोट यंत्र करतं असं लेखक लिहितात, ते मला पटलं, तो म्हणतो. पण यंत्र तुंबलं तर त्याच्यात हात कोण घालतं, हे एकानेही लिहिलेलं नाही. पुढे लिहितो, परग्रहावरचा माणूस उतरला की गोष्टीतले लोक त्याला घरात घेतात, आपल्या भांड्यातून पाणी देतात, कुठला कोण ते विचारत नाहीत. 'हे वाचून मला परग्रहावरचा माणूस व्हावंसं वाटलं.'

या वाक्यापाशी मला रडू आलं. परीक्षणाच्या कागदावर हे लिहायला जागा नसते, म्हणून इथे लिहून ठेवतो.

शेवटी त्याच्या आईची गोष्ट आहे. ती शेताच्या बांधावर पोरांना सांगायची, की चंद्रावर तो काळा डाग दिसतो ना, ती विहीर आहे, आणि तिथे कुणीही आपल्या हाताने पाणी शेंदतं. आमची आईसुद्धा त्या डागाला विहीरच म्हणायची. म्हणजे अशा गोष्टी आपल्या लोकांत घरोघर सांगत असणार. घरोघरच्या गोष्टीला पुरावा म्हणत नाहीत.

आपला माणूस आहे, हे उघड आहे. सटाण्याकडचा कुणी प्राथमिक शिक्षक असावा.

आणि इथेच माझं घोडं अडतंय. हा लेख छापला तर पुण्या-मुंबईत पहिलं वाक्य काय निघेल ते मला पाठ आहे. 'पगाऱ्यांनी शेवटी आपल्या लोकांचंच मासिक काढलं.' विद्यापीठात 'संभव'चा विषय निघाला की लोक शास्त्र, काळ, कल्पना यांवर बोलतात. माझ्यावर बोलत नाहीत. किती वर्षांनी असं एक ठिकाण मिळालंय! ते मी घालवू?

९ ऑगस्ट, सोमवार

सतराचं परीक्षण लिहून टाकलं. 'लेखकाला विषयाचा आवाका नाही. भावना आणि विश्लेषण यांतला फरक त्याने समजून घ्यावा. स्वानुभव हा संदर्भ नव्हे. शैली शाळेतल्या निबंधाची. प्रसिद्ध करू नये.'

कडक झालं, पण नाव झाकलेलं असल्यामुळे कुणावर व्यक्तिशः अन्याय होत नाही.

२६ ऑगस्ट, गुरुवार

सहस्रबुद्ध्यांचं उत्तर आलं आणि मी चक्रावलो. सतराबद्दल त्यांनी दोनच ओळी लिहिल्या आहेत. 'अवश्य छापावा. इतकी वर्षं हे साहित्य वाचतो-शिकवतो, पण हे मला दिसलं नव्हतं, याची लाज वाटते.'

दयाबुद्धी, दुसरं काय! असल्या लोकांना अधूनमधून लाज वाटून घ्यायला आवडतं. मला कुणाची दया नको आणि 'संभव'लाही नको.

तेव्हा मत एकास एक. निर्णय माझा. लताबाईंना सांगितलं, सतरा परत पाठवा. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"सर, एकदा पुन्हा वाचा ना."

"दोनदा वाचलाय."

"मग तिसऱ्यांदा वाचा."

मी चिडलो. म्हटलं, बाई, तुम्हाला लेखकाचं नाव माहीत आहे म्हणून तुम्ही बोलताय, आणि म्हणूनच तुम्ही बोलू नये. नियम कशासाठी केला आपण? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं सर," म्हणाल्या आणि माझं परीक्षण पाकिटात घातलं. नियम म्हणजे नियम. परीक्षण लेखकाला जसंच्या तसं जातं, फक्त परीक्षकाचं नाव काढून.

१२ सप्टेंबर, रविवार

संपादकीय लिहून झालं. विषय 'समीक्षेची शिस्त'. सोळा नंबरच्या चोराला धुतला, आणि सतरालाही एक टोला दिला. त्याचं नाव नाही, लेखाचं नाव नाही, त्यामुळे कुणाला लागायचं कारण नाही. वाक्य जमलंय : 'काही लेखकांना आईने सांगितलेली गोष्ट हाच संदर्भग्रंथ वाटतो, अशांनी आईचे प्रकाशनवर्ष आणि पृष्ठक्रमांक कळवल्यास आभारी राहू.'

बायकोला, वत्सलेला, वाचून दाखवलं. ती वह्या तपासत होती. हसली नाही. "कुणाच्या आईबद्दल आहे?" म्हणाली. मी म्हटलं, कुणाच्याच नाही, कल्पना आहे. शाळेत शिकवणाऱ्या बायकांना विनोद कळायला वेळ लागतो.

२२ सप्टेंबर, बुधवार

छापखान्यात गेलो होतो. संपादकीयाचं प्रूफ दादाने स्वतः काढून दिलं. नवल म्हणजे, चार पानांत एकही चूक नाही! एरवी पानामागे दोन-तीन तरी निघतातच, वेलांटी उलटी, अनुस्वार गळालेला. मी म्हटलं, दादा, आज कमाल केलीस.

"सावकाश जुळवलं," तो म्हणाला.

"कसं वाटलं?"

"मापात बसलं."

मग मी निघताना त्याने विचारलं, "ते आईचं वाक्य ठेवायचंच हाय का?"

"अरे, तेच तर मुख्य आहे!"

"बरं," म्हणाला आणि पुढच्या पानाला लागला. त्याचा चेहरा ओढलेला वाटला. वहिनींना सांगायला हवं, त्याला डॉक्टरकडे न्या म्हणून. शिशात हात घालून चाळीस वर्षं झाली.

९ ऑक्टोबर, शनिवार

चौथा अंक निघाला. दादाची प्रत घेऊन गेलो तर तो घरी नव्हता, विहारात गेला होता. अंक वहिनींकडे दिला. त्यांनी तो घेतला आणि फळीवर डब्यांच्या मागे ठेवला. चहा विचारला नाही. काय बिनसलंय कळत नाही. भावाभावांत नसलं तरी बायकांचं काही ना काही चालूच असतं. वत्सला काही बोलली असेल का?

२ नोव्हेंबर, मंगळवार

संपादकीयावर सात पत्रं आली. सगळ्यांना आईचं वाक्य आवडलं. नागपूरच्या एका प्राध्यापकाने ते वर्गात सांगितलं म्हणे, पोरं पोट धरून हसली. दादाला दाखवायला पत्रं नेली होती. त्याने सातही पत्रं शांतपणे वाचली, घडी घालून माझ्या हातात दिली. "लोकांना पटलं म्हणायचं," म्हणाला.

३० नोव्हेंबर, मंगळवार

सहस्रबुद्ध्यांचं पोस्टकार्ड आलं. 'वेशीवरचा तो लेख चौथ्या अंकात दिसला नाही, पाचव्यात घेणार असाल. तत्पूर्वी मला तो विद्यार्थ्यांना वाचून दाखवायचा आहे. लेखकाची परवानगी हवी. नाव-पत्ता कळवावा.'

म्हातारा पिच्छा सोडत नाही. कळवतो. निर्णय झाल्यावर नाव उघडायला हरकत नाही, नियमातच आहे तसं.

१ डिसेंबर, बुधवार

मधल्या सुट्टीत लताबाईंकडे रजिस्टर मागितलं. त्यांनी लगेच दिलं नाही. "बसा सर," म्हणाल्या. मी म्हटलं, बसायला वेळ नाही, पत्ता द्या फक्त.

त्यांनी कपाट उघडून रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. सतरा. सहादू भिका पगारे. पत्ता छापखान्याचा.

मी म्हणालो, काहीतरी चूक आहे. त्यांनी मूळ लेख काढला. प्रुफाच्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर दादाचं अक्षर. प्रत्येक अक्षर सुटं सुटं, खिळे मांडल्यासारखं. आमच्या गावाचं, सायखेड्याचं, नाव होतं तिथे लताबाईंनी पेन्सिलने 'एका गावी' केलं होतं. बांध आमचा होता. विहीर आमच्या आईची होती.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी ओरडलो. वाचत बसलेली पोरं बघायला लागली.

"त्यांनी शपथ घातली होती, सर. म्हणाले, जयरामला कळलं तर तो भाऊ म्हणून छापेल. मला ते नकोय. मला बघायचंय, लेख म्हणून काय होतंय ते." मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि तुम्हीच म्हणालात, नाव माहीत असणाऱ्याने बोलू नये."

दोन तास घेतले नाहीत. चौथा अंक काढून संपादकीय पुन्हा वाचलं. आईचे प्रकाशनवर्ष आणि पृष्ठक्रमांक. मी लिहिलं आणि त्याने जुळवलं. एकेक खिळा उचलून आपल्या आईची थट्टा जुळवली, आणि एक चूक केली नाही.

४ डिसेंबर, शनिवार

दादाकडे गेलो. घराला कुलूप. शेजारच्या ठमाबाई म्हणाल्या, दादरला गेलेत दोघं, सहा तारखेसाठी. येतील आठला. मीही दरवर्षी जातो, यंदा परीक्षेच्या कामामुळे राहिलो. आता वाटतं, तिथे गर्दीत उभं राहायलासुद्धा मला तोंड नाही. पायरीवर थोडा वेळ बसलो आणि आलो.

९ डिसेंबर, गुरुवार

छापखान्यात गेलो. बाकीचे जेवायला गेले होते. दादा उभाच, डबा तसाच बांधलेला. मी म्हटलं, "दादा, सतरा नंबरचा लेख तुझा होता."

त्याचा हात थांबला नाही. दोन-तीन खिळे उचलून झाले, मग म्हणाला, "लताबाईंनी सांगितलं?"

"रजिस्टर बघितलं मी. दादा, मला माहीत नव्हतं रे."

"माहीत नव्हतं तेच बरं झालं." तो चक्क हसला. "कच्चाच होता लेख. तू बरोबर लिहिलंस. दोन दिवस जेवण गेलं नाय, खोटं कशाला बोलू? ते आईचं जुळवताना तर हात चालंना. पण मग इचार केला. आजवर मला लय जणांनी नाय म्हटलंय. शाळेत, पतपेढीत, खोली बघायला गेलो तिथं. आडनाव सांगितलं की नाय. माझं काम बघून कुणी नाय म्हटलं नव्हतं. तू पहिला. गोजराला बी तेच सांगितलं. म्हटलं, रडू नको, आपल्या जयरामनं कुणाचं तोंड बघितलं नाय. लेख बघितला."

मी तिथे बोलायला हवं होतं. तोंडात शब्द आले होते. पण त्याच्या चेहऱ्यावर मला अभिमान दिसला, माझ्याबद्दलचा, आणि जीभ वळली नाही. "डबा खाऊन घे," एवढंच म्हणालो. लाज वाटते लिहायला.

१२ डिसेंबर, रविवार

आज वत्सलेला सगळं सांगितलं. पाच ऑगस्टचं पानही वाचायला दिलं.

"म्हणजे लेख चांगला होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि भाऊजींना वाटतंय की वाईट होता."

"हो. पण त्याला असंही वाटतंय की निदान न्याय झाला. ते कसं काढून घेऊ त्याच्याकडून?"

तिने वही मिटून माझ्या हातात दिली. "ते तुम्ही ऑगस्टातच काढून घेतलंय. त्यांना अजून कळलेलं नाही एवढंच."

आठवडाभर तिच्याशी बोलायची हिंमत होणार नाही. ती म्हणते ते खरं आहे. दादा बावन्न वर्षांचा आहे. आपण जे एक लिहिलं ते टाकाऊ होतं, असं समजून तो पुन्हा हातात पेन धरणार नाही. हे मी चालू दिलं तर मी माणूस नाही.

१९ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

सकाळीच गेलो. वहिनी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. दादा दारात पेपर वाचत बसला होता. मी त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसलो. म्हणालो, दादा, लेख कच्चा नव्हता. पुण्याच्या परीक्षकाने पहिल्यापासून छापा म्हणून लिहिलं होतं, त्यांना आपल्या पोरांना वाचून दाखवायचाय. मलाही आवडला होता. वाचताना मला रडू आलं होतं.

त्याने पेपर बाजूला ठेवला. चेहरा उजळला, अगदी क्षणभर. मी नेलेलं सहस्रबुद्ध्यांचं कार्ड मागून घेतलं आणि दोन वेळा वाचलं. मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"मग नाय का म्हटलंस?"

"घाबरलो."

"कुणाला?"

"लोक म्हणाले असते, पगाऱ्यांनी आपल्या लोकांचं मासिक काढलं. मला ते नको होतं."

दादाने कार्ड खाली ठेवलं. अंगणात वहिनींचे हात थांबले होते.

"नाव तर झाकलेलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"तरी तू वळखलंस, लिहिणारा कुठला हाय ते."

"हो, दादा."

"आन् वळखलंस म्हणून नाय म्हटलंस."

मी मान खाली घातली. हो म्हणालो की नाही ते आठवत नाही. तो ओरडला असता, मारलं असतं, तर मी सोसलं असतं. तो नुसता पुटपुटला, "बाकीच्यांना निदान आडनाव सांगावं लागायचं."

मी रडायला लागलो. त्याचे पाय धरले. म्हणालो, पाचव्या अंकात पहिला लेख म्हणून छापतो, संपादकीयात माझी चूक लिहितो, नावानिशी माफी मागतो, तू फक्त हो म्हण. पाय त्याने सोडवून घेतले, पण रागाने नाही.

"आता कसा छापशील? आता तुला ठावं हाय माझा हाय ते. आता छापलास तर भावाचा म्हणून छापशील. लाज वाटली म्हणून छापशील. लेख म्हणून बघायची येळ एकदाच होती, जयराम. ती गेली."

"सहस्रबुद्ध्यांनी बघितला ना पण! त्यांना तुझं नाव माहीत नव्हतं."

"ते परके," दादा म्हणाला. "त्यांच्यासाठी नव्हता लिहिला."

मग वहिनींना म्हणाला, जयरामला चहा टाक. मी चहा प्यायलो. दादा उठून आत गेला तो बाहेर आला नाही. सहस्रबुद्ध्यांचं कार्ड तसंच जमिनीवर पडलं होतं. मी उचलून घेऊन आलो.

२ जानेवारी १९८३, रविवार

सहस्रबुद्ध्यांना कळवलं की लेखकाची परवानगी नाही. कारण लिहिलं नाही. पाचव्या अंकाचे लेख टेबलावर पडून आहेत. लताबाईंनी दोनदा विचारलं, परीक्षणाला देऊ का? मी म्हटलं, थांबा. कुणाच्या लेखाबद्दल मी काय म्हणून मत देऊ? संपादकीय चार वेळा लिहिलं आणि फाडलं. माफीसुद्धा चांगल्या मराठीत यायला लागली की मला माझीच किळस येते.

१६ जानेवारी, रविवार

आज हिंमत करून दादाकडे गेलो. तो विहारात सतरंज्या झटकायला गेला होता. वहिनी एकट्याच होत्या. तांदूळ निवडत बसल्या होत्या. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याशीच बसलो.

विचारलं, दादा कसा आहे? कामावर जातो का?

"जात्यात की. रोज जात्यात. येळेवर येत्यात, जेवत्यात."

"माझ्याबद्दल काही बोलतो?"

"वाईट एक शबुद नाय. परवा कुणी पाव्हणा आला त्याला सांगत होते, आमचा जयराम प्राध्यापक हाय." ताटातला खडा काढून त्यांनी बाहेर टाकला. "फक्त वाचत नायत."

"म्हणजे?"

"वाचायचं बंद केलं. त्या दिवसापास्नं. कामावर जुळवत्यात तेवढंच. घरी आले की भिंतीला टेकून बसत्यात, हात मांडीवर ठिवून. म्या म्हटलं, पुस्तक देऊ का फळीवरचं, तर म्हणाले, राहू दे."

"काहीच वाचत नाही?"

"काहीच नाय, भाऊजी. पेपर बी नाय."